सात मैलांच्या आतले देव

आमच्या काउंटीचं नाव मी इथे लिहिणार नाही. बर्मिंगहॅमहून लोकल ट्रेनने येता येतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर शशीताई कोण हे इथल्या आमच्या मराठी मंडळातल्याच काय, कल्याणच्या लोकांनाही कळेल आणि त्या बाईंची शोभा व्हायची तेवढी झाली आहे. माणसांची नावंही म्हणूनच बदललेली आहेत.

शशिकला कर्णिक लग्न होऊन इथे आल्या आणि नर्स झाल्या. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात त्यांनी हयात काढली. सिस्टर म्हणून रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखालच्या पोरी रडल्या. माझ्या मते त्यात सुटल्याचा आनंदही थोडा असावा, कारण बाई कडक. गोळीची वेळ दहाची म्हणजे दहाची. एकदा त्यांच्याच हातून कुणाला चुकीचा डोस गेला होता. पेशंटला काही झालं नाही, कुणी पाहिलं नव्हतं, तरी बाईंनी स्वतः जाऊन वरिष्ठांना सांगितलं. हा किस्सा त्या स्वतः कधी सांगत नसत. त्यांचे यजमान हरीशराव सांगायचे, चहा पिता पिता, आणि बाई तोंड वळवून बसायच्या. हरीशराव गेल्यावर मंडळातले आम्ही तो किस्सा सांगायला लागलो. अशी एखादी व्यक्ती मंडळात असली की बाकीच्यांना थोडं कमी चांगलं वागून चालतं.

कोविडच्या काळात त्या पुन्हा कामाला लागल्या. लसीकरणाच्या हॉलमध्ये उभ्या राहायच्या आणि घरी येऊन म्हाताऱ्या लोकांना फोन करायच्या: मराठीत, गुजरातीत, मोडक्या पंजाबीत. ते कुणीतरी वरपर्यंत पोचवलं असणार. एक दिवस त्यांना विचारणा झाली, तुम्ही डेप्युटी लेफ्टनंट व्हाल का?

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते. लॉर्ड-लेफ्टनंट म्हणजे काउंटीतला राजाचा माणूस. पद शेकडो वर्षांचं. पूर्वी म्हणे हे लोक सैन्य उभं करायचे. आता झाडं लावतात, फिती कापतात आणि शंभरी गाठलेल्या आज्यांबरोबर केक खातात. एकट्याला हे उरकत नाही म्हणून कायद्याने डेप्युटी नेमायची सोय आहे. आपल्याकडे पाटील परगावी गेला की चावडीवर त्याचा गुमास्ता बसायचा, तसंच. फक्त गुमास्त्याच्या पदरात काहीतरी पडायचं. इथे पगार नाही आणि पेट्रोलही आपलंच. किती डेप्युटी नेमायचे, ते काउंटीच्या लोकसंख्येवर ठरतं. लॉर्ड-लेफ्टनंट नाव काढतात आणि राजाने त्याला होकार द्यायचा नसतो, फक्त नकार द्यायचा नसतो. (माझ्या लग्नात सासऱ्यांनी अगदी हेच केलं होतं.) आणखी एक अट आहे, आणि ती जरा लक्षात ठेवा. डेप्युटीचं राहतं घर काउंटीत हवं, नाहीतर काउंटीच्या हद्दीपासून सात मैलांच्या आत.

शशीताईंचं घर तेव्हा काउंटीच्या अगदी पोटात होतं. मागे बाग, बागेत अळू. अळू इथे नीट येत नाही, पण त्यांच्या धाकाने यायचं.

मंडळाने सत्कार केला. आमच्या उत्साही मंडळींनी बॅनरवर 'लॉर्ड शशिकला कर्णिक' छापून आणलं. कल्याणला त्यांच्या दिरांनी चौकात फ्लेक्स लावला, त्यावर राजाचा मोठा फोटो, बाईंचा छोटा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. दिरांनी पुढच्याच आठवड्यात पुतण्याच्या व्हिसाचं विचारलं. "अहो भाऊजी, मी राजाची डेप्युटी आहे, होम ऑफिसची नाही," असं सांगून बाईंनी फोन ठेवला. पण मनातून त्या फार सुखावल्या होत्या. डेप्युटीला कपड्यांवर लावायला एक बिल्ला मिळतो. तो साडीला लावून त्या आरशासमोर उभ्या राहायच्या हे मी स्वतः पाहिलं आहे. एरवी त्या आरशात टिकली सरळ आहे की नाही एवढंच बघणाऱ्या.

त्यांना मिळालेलं मुख्य काम म्हणजे सिटिझनशिप सेरेमनी. नव्याने ब्रिटिश नागरिक होणारे लोक रजिस्ट्रारच्या हॉलमध्ये शपथ घेतात, राजाच्या वतीने कुणीतरी दोन शब्द बोलतं आणि सर्टिफिकेट देतं. ते कुणीतरी म्हणजे शशीताई. त्यांचं भाषण ठरलेलं होतं. तुम्ही कुठूनही आला असाल, ही काउंटी आता तुमचं घर आहे, जसं ते माझं आहे. हॉलमध्ये घाना, पोलंड, पाकिस्तान, केरळ कुठकुठले लोक नव्या कपड्यांत बसलेले असायचे आणि बिल्ला लावलेली नारायणपेठी नेसलेली बाई हे म्हणाली की बरेच जण डोळे पुसायचे. मी बहुतेक वेळा त्यांना गाडीतून न्यायची, मागच्या रांगेत बसायची, आणि दरवेळी ठरवून आले तरी माझेही डोळे भरायचे.

मग अनुप मध्ये पडला. अनुप त्यांचा एकुलता मुलगा. लंडनजवळ स्लाऊला एका टेक कंपनीत असतो. बायको ईशिता, पदरात जुळी पोरं. "आई, तिकडे एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करतेस? हीटिंगचं बिल बघ. इकडे ये, मुलांनाही मराठी येईल," असं तो दोन वर्षं म्हणत होता. ईशिताची नोकरी, नर्सरीची फी, बाईंचा गुडघा, सगळं जुळून आलं आणि घर विकलं गेलं. बाई स्लाऊला राहायला गेल्या. सात मैल सोडा, ते सत्तर मैलांतही बसत नव्हतं.

इथे खरं तर एक फोन करायचा होता. मी राहायला दुसरीकडे जाते आहे, माझी जागा मोकळी करा. संपलं. शशीताईंना नियम माहीत होता. त्यांना नियम माहीत नाही असं या जगात काही नव्हतं. त्यांनी फोन केला, पण अर्चनाला.

अर्चना आमच्या मंडळाची खजिनदार, काउंटीतच राहते. "अर्चना, तुझ्या त्या बॉक्स रूममध्ये माझे देव ठेवू दे ना थोडे दिवस," बाई म्हणाल्या. "स्लाऊला अजून जागेचं काही ठरलं नाही." मग जाता जाता म्हणावं तसं म्हणाल्या, "आणि माझं पोस्टही तुझ्याकडे येऊ दे."

अर्चना हो म्हणाली. शशीताईंना नाही म्हणणारं आमच्यात कुणी नाही. अशा रीतीने अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, शंख आणि घंटा, हे सगळं कल्याणहून आलेल्या लाकडी देव्हाऱ्यासकट अर्चनाच्या बॉक्स रूममध्ये गेलं. एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला कुणीच न वापरणारी व्यायामाची सायकल. निरांजन लावलं की स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून अर्चनाने बॅटरीवरचा दिवा आणला. ती बिचारी आठवडाभर कामाला. रविवारी आठवलं तर देवांवर पाणी शिंपडायची.

मी एकदा त्यांना सेरेमनीला नेताना गाडीत विषय काढला. आडवळणाने वगैरे नाही. मला ते जमत नाही. "शशीताई, हे बरोबर आहे का हो?"

"काय बरोबर आहे का?"

"पत्ता."

त्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "निवेदिता, आपल्यात बिऱ्हाड कुठे म्हणतात? जिथे देव असतात तिथे. माणूस चार महिने लेकीकडे राहतं, चार महिने लेकाकडे राहतं, म्हणून बिऱ्हाड हलतं का? माझे देव काउंटीत आहेत. यात खोटं काय?"

ऐकायला किती छान होतं! उत्तर मला नंतर घरी भांडी घासताना सुचलं, की मग हेच त्या लॉर्ड-लेफ्टनंटना सांगून बघा की. पण ते मी त्यांना कधी बोलले नाही. आम्ही कुणीच बोललो नाही. तिकडे स्लाऊला ईशिताने हॉलमधला एक कोपरा रिकामा करून ठेवला होता आणि ती दर थोड्या दिवसांनी विचारायची, "आई, देव कधी आणायचे?" बाई लोणच्याच्या बरण्या घेऊन गेल्या, मिसळणाचा डबा घेऊन गेल्या, पितळी खलबत्ता घेऊन गेल्या. देव मात्र नंतर आणू म्हणायच्या.

आणि भाषण तेच चालू राहिलं. ही काउंटी तुमचं घर आहे, जसं ते माझं आहे. बाई स्लाऊहून ट्रेनने यायच्या, ते वाक्य म्हणायच्या आणि ट्रेनने परत जायच्या. मला आता रडू येत नसे. मी माझ्या बुटांकडे बघायची.

गेल्या वसंतात एका सेरेमनीला अंशुमन आला. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, चाळिशीच्या आतबाहेरचा. बायको निधी बरोबर, दोघांनी एकदमच शपथ घेतली. सर्टिफिकेट घेताना याने राजाच्या फोटोसमोर, रजिस्ट्रारबाईंसमोर, सरळ शशीताईंच्या पायाला हात लावला. हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या पडल्या. पुढच्या पोलिश माणसाला कळेना, आपणही वाकायचं की काय.

नंतर चहाच्या वेळी ती दोघं आमच्याजवळ आली. निधी बोलकी. म्हणाली, "मावशी, हे सर्टिफिकेट दोन वर्षांपूर्वीच मिळालं असतं. पण आमच्याकडे राजा हरिश्चंद्र आहेत ना!"

"अगं, झालं ना आता," अंशुमन म्हणाला.

"झालं कसं? मावशी, ह्याच्या बाबांना स्ट्रोक झाला, हा नागपूरला जाऊन राहिला. अर्जाच्या आधी देशाबाहेर किती राहायचं त्याला लिमिट आहे, ते ओलांडलं गेलं. सगळे फ्रेंड्स म्हणाले, अरे एक ट्रिप गाळून टाक, कोण बघतंय? हा बसला हिशेब करत. नाही म्हणाला, परत मोजणी पूर्ण होऊ दे, मग भरू. त्या वेटिंगमध्ये एक गव्हर्नमेंट प्रोजेक्टचा जॉब गेला ह्याचा. सिटिझनच पाहिजे होता त्यांना."

अंशुमन ओशाळून हसला. "मावशी, शपथ घेताना खोटं आठवलं असतं ना, तर मजा गेली असती. दुसरं काही नाही."

मी शशीताईंकडे पाहिलं. त्या साडीवरचा बिल्ला सरळ करत होत्या. तो सरळच होता. त्या इतकंच म्हणाल्या, "फार चांगलं केलंस, बाळा."

"तुम्ही इथेच जवळ राहता ना? आम्हाला एकदा नमस्काराला यायचं आहे. बाबा गेले, आई आधीच गेली होती. इकडे मोठं असं कुणी नाही," अंशुमन म्हणाला.

रजिस्ट्रारबाई शेजारीच उभ्या होत्या, बिस्किट खात. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण पत्ता कुठल्याही भाषेत पत्ताच असतो. शशीताईंनी अर्चनाचा पत्ता सांगितला. "फोन करून या हं," त्या म्हणाल्या. नंबर द्यायचं मात्र राहून गेलं की राहू दिलं, ते त्यांनाच माहीत.

ती दोघं पुढच्याच शनिवारी गेली, फोनशिवाय. निधीने घरी केलेले पेढे होते. दार उघडलं अर्चनाच्या मुलीने, स्वरालीने. बावीस वर्षांची, इथेच जन्मलेली, बँकेत आहे. खोटं बोलायला हिला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्चनाला वाटलं, कोण येणार आहे विचारायला.

"शशी आजी?" स्वराली म्हणाली. "नो नो, ती इथे नाही राहते. ती स्लाऊला राहते, तिच्या सनकडे. इथे फक्त तिची पोस्ट येते. आणि तिचे गॉड्स राहतात. यू वाँट टू सी?"

आणि पोरीने त्यांना वर नेऊन दाखवलं! पाहुणे आले की घर दाखवायचं, हे तिला आईनेच शिकवलं आहे. अर्चनाने मला नंतर सांगितलं, की अंशुमनने बूट काढले, इस्त्रीचं टेबल जरा बाजूला केलं, बॅटरीचा दिवा लावला, हात जोडले. पेढे देवांसमोर ठेवले. स्वरालीला म्हणाला, आजींना सांग, आम्ही येऊन गेलो. काही विचारलं नाही. हुशार माणूस, त्याला विचारायची गरज नव्हती.

अर्चनाने त्या संध्याकाळी स्लाऊला फोन केला. शशीताईंनी सगळं ऐकलं आणि मग मला फोन केला.

"निवेदिता, मला लाज वाटते गं," त्या म्हणाल्या. "इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. देवांना मी पत्त्यासाठी ठेवलं तिथे. देवांना! आणि त्या पोराने तिथे जाऊन नमस्कार केला."

मी काहीतरी म्हणाले, जे आपण म्हणतो. असू द्या, होतं, एवढं मनाला लावून घेऊ नका. त्या म्हणाल्या, "असं नको बोलूस. तू तरी नको."

सोमवारी त्यांनी लेफ्टनन्सीच्या कार्यालयात फोन केला आणि काही न झाकता सांगितलं. मी स्लाऊला राहते, घर विकलं तेव्हापासून राहते, तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कळवल्याबद्दल आभार मानले, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दलही मानले. इंग्रज माणूस आभार मानायला लागला की आपल्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. "एकदा रागावली असती तर बरं झालं असतं," शशीताई म्हणाल्या. बिल्ला त्यांनी त्याच दिवशी पाकिटात घालून पाठवला. पुढच्या रविवारी अनुप येऊन देव घेऊन गेला. त्याला त्यांनी कारणही सांगितलं. लेकाला सांगणं लॉर्ड-लेफ्टनंटना सांगण्याहून जड गेलं असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांच्या मनात अंशुमन होता. "त्याला मी तोंडाने सांगणार. तू चल," म्हणाल्या. नंबर मी रजिस्ट्रारकडून नव्हे, मंडळातूनच मिळवला. नागपूरकर शोधायला कितीसा वेळ लागतो.

त्यांचं घर छोटं, नीटनेटकं. निधीने पोहे केले होते, वर भरपूर शेव. शशीताई सोफ्याच्या टोकावर बसल्या आणि बशी हातात घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "अंशुमन, तुला मी पत्ता खोटा सांगितला. मी त्या दिवशी तिथे उभी राहिले तेही खोटंच होतं. मला तिथे उभं राहायचा हक्क नव्हता. मी आता ते पद सोडलं आहे. तुझी माफी मागायला आले आहे."

अंशुमन एकदम उठला. "अहो मावशी, काय हे! त्यात काय एवढं? तुम्ही कशाला सोडलं? सगळेच करतात."

"तू नाही केलंस."

"मी येडाच होतो न जी," तो हसत म्हणाला. अगदी मोकळेपणाने हसला. शशीताईंना बरं वाटावं म्हणूनच हसत होता, हे दिसत होतं. "खरं सांगतो, तुमचे देव बघून आलो आणि गाडीत निधीला म्हटलं, आपणच एवढे कडक कशाला राहिलो? माझा भाऊ मिहीर, हाउन्सलोला असतो, एअरपोर्टवर काम करतो. त्याचंही तसंच लिमिटच्या वर गेलं होतं, बाबांच्या वेळेसच. त्याला मी थांबवून ठेवलं होतं. दर वेळेस भांडायचा माझ्याशी. त्याला त्याच रात्री फोन केला. म्हटलं, अर्ज भरून टाक बाबा, एक ट्रिप गाळ. मोठी मोठी माणसं..." तिथे तो थांबला.

शशीताईंनी बशी टेबलावर ठेवली. पोह्यांना त्यांनी हात लावला नव्हता.

"त्याला सांग, थांब म्हणावं," त्या म्हणाल्या. "मी सोडलं म्हणून सांग. माझं नाव घेऊन सांग."

"पाठवलाय मावशी त्याने. मागच्याच आठवड्यात."

मी शेव चिवडत बसले. अंशुमनला कळलं होतं की आपलं काहीतरी चुकलं, पण काय ते कळलं नव्हतं, आणि समजवायचं तर शशीताईंनी समजवायचं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. कुठल्या तोंडाने समजावणार?

आम्ही निघालो तेव्हा निधी दारापर्यंत आली. तिने शशीताईंचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुमचे खरंच उपकार आहेत. इतकी वर्षं मी डोकं फोडत होते. तुमच्यामुळे हा जरा माणसात आला," ती म्हणाली, आणि नमस्काराला खाली वाकली.

शशीताईंनी पाय मागे घेतले.